टोपातलं घर

डॉक्टरांनी शरदिनीचा उजवा हात दिनानाथांच्या हातातून अलगद सोडवून घेतला आणि त्यात एक काळी मूठ दिली. एवढंच झालं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, हे दिनानाथांना त्याच क्षणी कळत होतं. मूठ साधीच होती, वर एक लाल बटण आणि खालून निघालेली वायर. "काकू, ही पुढं ढकलली की तुम्ही पुढं चाललात. बाजूला केली की वळलात. बटण दाबलं की दार उघडतं. बिलकुल सिंपल," असं म्हणत डॉक्टर शार्दूलनी तिच्या डोक्यावर तो टोप चढवला. करड्या प्लास्टिकचा, पुढं डब्यासारखा फुगलेला. तिचं कपाळ, कुंकू, डोळे, नाकाचा शेंडा सगळं त्यात गेलं. खाली उरले फक्त ओठ आणि हनुवटी. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरायला लागला. दिनानाथांचा हात मात्र पलंगाच्या कडेवर तसाच राहिला होता, तळवा वर करून, कोणी त्यात काही ठेवणार असल्यासारखा. मग आपल्याकडं कोणी पाहत तर नाही ना असं बघून त्यांनी तो मागं घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

अगदी पहिलं सोडलं तर याआधीच्या आठही ड्रेसिंगना तो हात त्यांच्याकडे होता. डिसेंबरात, त्यांच्याच आंघोळीसाठी बंबातलं पाणी काढताना बादलीची कडी सुटली आणि शरदिनीचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत भाजला. तिला आधीच साखरेचा आजार, त्यामुळे जखम भरायचं नाव घेईना. बनारसच्या रामघाटावरच्या त्यांच्या गल्लीत रिक्षा येत नाही. दर तिसऱ्या दिवशी दोन नाववाले तिला खुर्चीसकट उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत आणत, तिथून सायकलरिक्षानं भेलूपुराकडच्या या लहानशा खाजगी दवाखान्यात. इथं जुनी पट्टी भिजवून सोडवायची, मेलेली कातडी चिमट्यानं उचलून काढायची, औषध भरायचं, नवी पट्टी. वीस मिनिटांचं काम. पहिल्या वेळी ती अशी ओरडली की बाहेर बाकावर बसलेला एक पेशंट उठून निघून गेला. दुसऱ्या वेळी दिनानाथांनी तिचा हात धरला, आणि काय करावं ते न सुचून, पन्नास वर्षांत तोंडातून न काढलेला अध्याय म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या शाखेत वेद नुसता तोंडानं म्हणत नाहीत, हातानंही म्हणतात. स्वर चढला की हात चढतो, उतरला की उतरतो, मध्येच आडवा जातो. शिकवताना गुरुजी मुलाचं मनगट धरून त्याचा हात फिरवतात. तसा शरदिनीचा हात त्यांच्या हातात वर गेला, खाली आला, आडवा झाला. आणि ती गप्प झाली. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, पण गप्प. कंडिकेमागून कंडिका, अध्यायाचा एकेक तुकडा, मागं पडत गेली, अध्याय संपला तेव्हा पट्टी बांधून झाली होती. पाय धरून उभा असलेला कंपाउंडर बिसेसर म्हणाला, "पंडितजी के मंतर में दम है, भाई!" दिनानाथांना ते वाक्य पुढचे तीन दिवस पुरलं. पोथीतल्या आवडत्या ओळीसारखं ते पुन्हा पुन्हा काढून बघत, आणि खरं तर हे आपल्याबद्दल नसेलच, मंत्राबद्दल असेल, असं म्हणून पुन्हा मिटून ठेवत.

कारण असं कोणी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. पंधराव्या वर्षी शिंदे घाटाजवळच्या पाठशाळेत त्यांची परीक्षा झाली होती, चाळीस-पन्नास ब्राह्मणांसमोर. परीक्षक श्रीनिवासशास्त्री, पाठशाळा त्यांच्याच घरात भरायची. याच अध्यायात ते घसरले. शब्दांची एकच जोडी दोन ठिकाणी येते. म्हणणारा पहिल्या जोडीवरून नकळत दुसरीवर जाऊन पडतो आणि मधल्या चार कंडिका गळून जातात. त्याला उडी म्हणतात. मारणाऱ्याला ती कळत नाही, कानाला सगळं सरळच लागत असतं. शास्त्रीबुवांनी हात वर केला, आणि सभेत कोणीतरी हसलं. दिनानाथ दुसऱ्या दिवसापासून पाठशाळेत गेले नाहीत. पुढं एका संस्थेच्या हस्तलिखित विभागात चौतीस वर्षं पोथ्यांच्या याद्या केल्या. पानं किती, ओळी किती, कुठं वाळवीनं खाल्लंय. सात वर्षांनी त्याच श्रीनिवासशास्त्र्यांनी आपली मुलगी शरदिनी त्यांना दिली, तेव्हा त्यांना वाटलं होतं, ही दया आहे. ते कोणाला विचारायचं धैर्य झालं नाही. आता इतक्या वर्षांनी, एका दवाखान्यात, डेटॉलच्या वासात, त्या गळालेल्या विद्येचा काही उपयोग झाला होता. आणि तेवढ्यात दुर्गाघाटावरच्या एका जुन्या वैद्यांचा नातू, हा डॉक्टर शार्दूल, अमेरिकेत चार वर्षं राहून परत आला होता, आणि आपल्या सामानात हा टोप घेऊन आला होता.

"काका, मन एका वेळी एकाच ठिकाणी नीट राहू शकतं," डॉक्टर चिमटा हातात घेत म्हणाले. "ते आत गुंतलं की पायाकडे कमी जातं. काकूंची साखर बघता त्यांना गुंगीचं इंजेक्शन फार देता येत नाही. तिकडं भाजलेल्या पेशंटवर नुकतं सुरू झालंय हे. आपल्या बनारसमध्ये तर काकूच पहिल्या."

"आत काय आहे?" दिनानाथांनी विचारलं.

"घर आहे एक. माझ्या मित्रानं बनवलंय, बिल्डर लोकांसाठी. बांधायच्या आधी गिऱ्हाइकाला आत फिरवायला."

कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. चित्र एका वेळी एकाच जागी जाऊ शकतं, टोपात नाहीतर पडद्यावर, असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे दिनानाथांना दिसत होता तो फक्त तिचा अंगठा, लाल बटणावर, आधी चाचपडणारा आणि मग हळूहळू धीट होणारा. बिसेसरनं टाच उचलली. जुनी पट्टी सुटली. दिनानाथांनी सवयीनं डोळे मिटून पहिली कंडिका उचलली, अगदी हळू, आणि डॉक्टर म्हणाले, "काका, आता आवाज नको हं. कानातही लावलंय त्यांच्या." दिनानाथ थांबले. खोलीत चिमट्याचा आणि पंख्याचा आवाज राहिला. शरदिनीचा पाय एकदा थरथरला, एकदा ती "स्स" म्हणाली, आणि मग तिचे ओठ किंचित उघडले. हसली ती. साठीतली बाई, पायावरची कातडी सोलून काढतायत, आणि ती हसली. लग्नाआधी कधीतरी हसत असेल तसं, कोणालाही उद्देशून नसलेलं. पट्टी बांधून झाल्यावर टोप काढला तेव्हा तिनं डोळे मिचकावले, आधी खिडकीकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं, आणि म्हणाली, "झालं? इतक्यात?"

रिक्षा सोनारपुऱ्याच्या गर्दीत अडकली होती तेव्हा त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

"घर," ती म्हणाली.

"कसं?"

"मोठं. फरशी लाकडाची. खिडकीबाहेर पाणी आहे, पण आपल्यासारखं नाही, निळं. एक निळी खुर्ची आहे. चौकोनी चौकोनीच दिसतं सगळं, जरा हलतं. पण छान आहे."

"आणि कोण असतं तिथं?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"नाही हो. रिकामं आहे. मी एकटीच." आणि ती रिक्षाच्या बाहेर बघायला लागली.

तिथं कोणी असतं तर बरं झालं असतं, असं दिनानाथांना पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. माणूस असता तर त्याच्याशी स्वतःला ताडून बघता आलं असतं. त्यात हरण्याची तर त्यांना सवयच होती. कोणाचाही आवाज खणखणीत असला, कोणाची बायको चारचौघांत नवऱ्याचं कौतुक करत असली, की ते मनातल्या मनात आपला नंबर त्याच्या खाली लावून मोकळे व्हायचे. पण इथं कोणीच नव्हतं. त्यांची बायको दर तिसऱ्या दिवशी वीस मिनिटं अशा जागी जात होती जिथं ते नव्हते, आणि परतताना तिचा चेहरा धुतल्यासारखा असायचा. त्यांनी मनाशी हिशेब मांडला, तिला उभ्या जन्मात एकटीला घर कधी मिळालं? माहेरी पाठशाळेची बावीस मुलं, सासरी सासू, विधवा आत्या, दोन दीर, मग मुलगी, मग मुलगी लग्न होऊन कानपूरला गेल्यावर दोन खोल्या आणि त्यात ते स्वतः, पुस्तकांसकट, दिवसभर. ते कुठं जात नसत. त्यांना वाटायचं, आपण घरात असतो हीच आपली चांगली गोष्ट. दुपारी शेजारची रुची अभ्यासाला म्हणून येऊन बसायची, तिला शरदिनी सांगत होती, "आज जिना चढले. वर अजून तीन खोल्या आहेत." "सच में, मावशी? कुछ रखा है क्या उनमें?" रुचीनं विचारलं. "काही नाही ग. काही झाडायचं नाही, काही पुसायचं नाही. नुसतं फिरायचं." दोघी हसल्या. पुस्तकाआड बसलेल्या दिनानाथांनी पान उलटलं, मग वाचलंच नव्हतं म्हणून पुन्हा मागं उलटलं. पाय जायबंदी झालेली बाई जिने चढते आणि आपण तिला संडासापर्यंत खांदा देतो, तो खांदा ती मोजतसुद्धा नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि इतकं क्षुद्र मनात आलं याची लाज वाटून ते उठून पाणी प्यायला गेले.

टोप लावायच्या तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही बघा ना एकदा. काकू काय बघतात ते." बिसेसर हसत म्हणाला, "जाइए पंडितजी, माताजी का बँगला देख आइए." नको नको म्हणत दिनानाथ बसले. टोप आतून कोमट होता. त्याला तिच्या केसातल्या तेलाचा वास होता. अंधार झाला आणि मग एक भिंत दिसली. पिवळसर, अगदी नाकासमोर. त्यांनी मूठ ढकलली, भिंत जवळ आली. ओढली, भिंत तिथंच. बाजूला केली, सगळं गरकन फिरलं आणि दुसरी भिंत आली. "मान वळवा काका, मान," डॉक्टरांचा आवाज कुठून तरी वरून आला. त्यांनी मान वळवली, चष्मा आतल्या डब्याला लागून वाकडा झाला, आणि भिंतीच्या कडेला काहीतरी निळं चमकून गेलं. खुर्चीची पाठ असेल, खिडकी असेल. ते त्या निळ्याच्या मागं लागले तर पुन्हा भिंत. "दार उजवीकडं आहे हो," शरदिनी पलंगावरून म्हणाली, मुलाला पाटीवर अक्षर दाखवावं तशा आवाजात. "उजवीकडं. अहो, तुमचं उजवं." त्यांनी टोप काढला. कपाळावर वळ उठला होता. "डोळ्यांना सोसत नाही," ते म्हणाले. त्यांच्या कानात तिचा तो आवाज राहिला. स्वतःच्या घरात पाहुण्याला वाट दाखवतात, तसा.

त्याच दिवशी, बिसेसर पट्टीची शेवटची गाठ मारत होता तेव्हा, दिनानाथ डॉक्टरांच्या मागोमाग बाहेरच्या बेसिनपाशी गेले. नळाचं पाणी जोरात पडत होतं. आपण काय बोलणार आहोत हे त्यांना माहीत नव्हतं, किंवा नव्हतं असं त्यांनी पुढं स्वतःला सांगितलं. "शार्दूल, तुला सांगायचं होतं. घरी गेल्यावर तिला चक्कर येते. उलटीसारखं होतं. ती सांगायची नाही."

डॉक्टरांनी नळ बंद केला. "खरंच? काहींना होतं तसं त्यानं. बरं झालं काका बोललात. पडल्याबिडल्या तर पंचाईत. पुढच्या वेळी नको लावायला मग. जमेल ना त्यांना?"

"जमेल," दिनानाथ म्हणाले. "आधी जमत होतंच की."

ते तीन दिवस त्यांचे बरे गेले, हेही खरंच. पहाटे पायऱ्यांवर जाऊन ते नदीकडं तोंड करून अध्याय घोळत. आवाज जरा सुटला होता. जिथं पूर्वी घसरले होते ती जागा आली की सावध होत आणि पार झाल्यासारखं वाटलं की खुशीत पुढं जात. लबाडी केली हे आत कुठं तरी ठणकत होतं, पण त्यावर त्यांनी एक समजूत अंथरली होती. यंत्रानं माणूस माणसापासून तुटतो, आणि आपण तर तिला परत आणतोय. शाळेतल्या मुलासारखे ते त्या दिवशी धुतलेलं उपरणं घालून निघाले.

"आज टोप नाही का?" शरदिनीनं पलंगावर आडवं होत विचारलं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर चादर घातलेली होती.

"आज जरा राहू दे, काकू. काका आहेत ना," डॉक्टर म्हणाले.

तिनं एकदा दिनानाथांकडं बघितलं. त्यांनी तिचा हात उचलून आपल्या हातात घेतला. पट्टीवर पाणी पडलं आणि त्यांनी सुरुवात केली. पहिल्या चार कंडिका चांगल्या गेल्या. पाचवीला चिमटा आत गेला असावा, कारण तिची बोटं त्यांच्या बोटांत अशी रुतली की त्यांचा आवाज कापला. आज जखम खोलवर साफ करायची होती. टोप असता तर डॉक्टरांनी हेच काम सहज उरकलं असतं, ते आता थांबत थांबत, "बस काकू, थोडंसं, झालंच," करत चाललं होतं. ती ओरडली नाही. तिच्या घशातून एक बारीक, सलग आवाज येत होता, कुठं तरी चाक घासत असावं तसा. दिनानाथ त्या आवाजावर आपला आवाज चढवत होते. तिचा हात वर नेत होते, खाली आणत होते, पण तो हात आता लाकडाचा झाला होता, त्याला वरही समजत नव्हतं आणि खालीही. अठरावी झाली. एकोणिसावी. जागा आली, गेली, ते पुढं सरकले. आणि शरदिनी ओरडली. "चार गेल्या!"

दिनानाथ थांबले. बिसेसरला वाटलं पायाला काही झालं, त्यानं टाच सोडून पुन्हा धरली.

"चार गेल्या मधल्या," ती म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते, कानशिलावरून पाणी ओघळत होतं. "दर वेळी घालवता." आणि तिनं आपला हात त्यांच्या हातातून काढून घेतला, पलंगाची दांडी धरली, आणि म्हणायला लागली. विसावी कंडिका. तिचा आवाज जाड होता, सर्दी झालेल्यासारखा, स्वर मात्र तंतोतंत, श्रीनिवासशास्त्र्यांच्या वळणाचा, शेवटचं अक्षर जरा आत ओढून घेणारा. बाईच्या तोंडून ते शब्द दिनानाथांनी जन्मात ऐकले नव्हते. तिनंही ते कधी ओठांबाहेर काढले नसणार, हे त्यांना कळत होतं, कारण श्वास कुठं घ्यायचा ते तिला ठाऊक नव्हतं. शब्द अर्ध्यात तुटत होते आणि ती दुखण्याच्या कळेवरूनच पुढचा शब्द उचलत होती. एकविसावी. बाविसावी. डॉक्टरांनी चिमटा थांबवला नाही. तेविसावी संपली तिथं ती थांबली. "आता म्हणा पुढं," असं म्हणाली. पण दिनानाथांना पुढचं काही आठवेना. उरलेलं ड्रेसिंग मंत्राशिवायच झालं.

रिक्षात ती टपाला डोकं टेकून बसली होती. गोदौलिया आलं. मग दिनानाथ म्हणाले, "तुला येतं?"

"येतं कसलं? कानावर पडलंय. भिंतीच्या पलीकडं बावीस मुलं रोज घोकायची, मी आणि आई अलीकडं पोळ्या लाटायचो. कुत्र्यामांजरालासुद्धा आलं असतं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुमची परीक्षा झाली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. आतून ऐकत होते. तिथंच उडी मारली होती तुम्ही. मी आईला म्हटलं, अगं, चार गेल्या. आई म्हणाली, गप."

दिनानाथांनी रिक्षावाल्याच्या पाठीकडं बघितलं. बनियनवर घामाचा डाग पसरलेला होता. "मग आधी का नाही बोललीस? आठ वेळा म्हटलं मी."

"काय बोलायचं? तुम्ही इतक्या मनापासून म्हणत होता. मला आपली धाकधूक असायची, आता जागा येणार, आता ह्यांचं चुकणार, निदान ह्यांना कळू नये. त्यात पायाकडं लक्षच नसायचं म्हणा." ती जराशी हसली, आणि मग हसू गेलं. "पण दमायला व्हायचं हो. पाय एकीकडं, तुम्ही एकीकडं."

टोप घातला की ती एकटी असायची म्हणजे काय, ते दिनानाथांना आता कळलं. तिथं तिला कोणाला सांभाळावं लागत नव्हतं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की त्यांनी तिचं दुखणं पेललं, आणि खरं तर तीच एका हातानं त्यांना पेलत होती. यातही त्यांना पहिल्यांदा जे वाटलं त्याला पश्चात्ताप म्हणता आलं नसतं. तिचा तो तंतोतंत स्वर त्यांना आठवला आणि सवयीनं त्यांनी आपला नंबर तिच्या खाली लावला. पाठशाळेच्या भिंतीच्या चुकीच्या बाजूला बसून तिनं जे उचललं, ते त्यांना बरोबर बाजूला बसून साधलं नव्हतं. मग खूप उशिरा, चौकाचा उतार लागल्यावर, ते म्हणाले, "टोप मी काढवला. शार्दूलला म्हटलं, तुला चक्कर येते."

मोठ्या रस्त्यावर नाववाल्यांनी खुर्ची उचलली, गल्लीत वळणावर एक गाय आडवी बसलेली होती ती उठेपर्यंत ते थांबले. दिनानाथ खुर्चीच्या मागं मागं चालत होते. घरी पोहोचल्यावर तिनं एवढंच विचारलं, "औषधाची पिशवी रिक्षात नाही ना राहिली?" पिशवी त्यांच्याच हातात होती. त्या दोन दिवसांत त्यांनी स्वयंपाक केला, भाताला पाणी जास्त झालं, तो तिनं मुकाट्यानं खाल्ला. रागावली असती तर निदान आपण तिथं आहोत असं वाटलं असतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी दारातच विचारलं, "काय काकू, चक्कर कशी आहे?"

"मला नाही हो चक्कर येत," शरदिनी म्हणाली. "ह्यांना येते." आणि पलंगावर आडवी होत तिनं हात पुढं केला. "द्या इकडं ते माझं घर."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, मग दिनानाथांकडं. दिनानाथांचे कान तापले होते. ते म्हणाले, "शार्दूल, मी तुला खोटं सांगितलं." वाक्य फार मोठ्यानं आलं. बिसेसरनं मान खाली घातली. डॉक्टरांचा चेहरा कडक झाला, मग ते म्हणाले, "काकूंना मीच विचारायला पाहिजे होतं, काका," आणि कॉम्प्युटरवरची चादर ओढून काढली. टोप चढला. पंखा घुरघुरला. मूठ तिच्या हातात गेली. "मी बाहेर बसतो," दिनानाथ म्हणाले. टोपाखालच्या कानांना ते ऐकू गेलं नाही. ते दारापर्यंत पोहोचले असतील, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी बिसेसरला हाक मारली. गच्चीवरून पडलेला एक माणूस आला होता, डोकं फुटलेलं. बिसेसर टाच उशीवर ठेवून धावला. पट्टी अर्धी सुटलेली होती.

"काका," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "हातमोजे आहेत तिथं. घालून या. टाच धरायचीय."

मोजे पांढरे होते, बोटांना मोठे होत होते. दिनानाथ पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, दोन्ही तळव्यांत त्यांनी ती टाच घेतली आणि तेव्हा त्यांनी जखम पाहिली. इतक्या दिवसांत कधी पाहिली नव्हती, पाठ म्हणताना डोळे मिटलेलेच असायचे, आणि टोप आल्यापासून तिच्या तोंडावर खिळलेले. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ती मोठी होती, आणि एकाच रंगाची नव्हती. मध्ये लाल, ओली, काही ठिकाणी पिवळट साय धरल्यासारखी. कडेनं मात्र गुलाबी, पातळ, नवी कातडी एका बाजूनं आत सरकायला लागली होती. डॉक्टर चिमट्यानं सायीची कड पकडत, ओढत, कापसानं टिपत. दर वेळी टाच त्यांच्या हातात एवढीशी उडत होती. ही उडी शरदिनीच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचत नव्हती. वर तिची मान हळूहळू डावीकडं वळत होती, अंगठा बटण दाबत होता, कुठलं तरी दार उघडत होतं. त्यांच्या मनात आलं, पाय इथं माझ्याकडं आहे आणि ती तिथं चालतेय. नजर काढून घ्यावीशी वाटली. त्यांनी ती काढली नाही.

"बिसेसर भैया," ती टोपाआडून म्हणाली, झोपेत बोलावं तशी, मऊ, "तनिक ऊपर."

डॉक्टरांनी मान वर केली, हा बिसेसर नाही असं सांगायला त्यांचं तोंड उघडलं. दिनानाथांनी नाही अशी मान हलवली. एक क्षण, फक्त एक क्षण, त्यांना बिसेसरचाही हेवा वाटला. ती त्याच्याशी दर वेळी अशीच बोलायची. मग त्यांनी टाच बोटभर वर उचलली.

"हां. बस, ऐसे ही," शरदिनी म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली.

त्यांचे हात भरून आले होते. दिनानाथांनी श्वाससुद्धा जपून घेतला आणि टाच तशीच धरून ठेवली.